संघनायकाचे हात खिशात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या स्काऊट पथकात सहावी ते आठवीची २४ मुलं, सहा-सहांचे चार संघ. चार संघनायक आणि चार उपसंघनायक, अशा आठ जणांसाठी तुम्ही रविवारी पाच तासांचा नेतृत्व वर्ग घेतलात. प्रोजेक्टरवर नेत्याचे दहा गुण दाखवलेत. तिसऱ्या गुणापाशी एकजण बाकाखाली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला होता आणि पाचव्यापाशी दुसऱ्याने विचारलं, "सर, जेवण कधी?" आता मध्येमध्ये कोणते खेळ घातले तर वर्ग रंगेल, असं तुम्ही विचारताय.

खेळ सांगतो. पण नाडी सोडणारा मुलगा माझ्या लेखी त्या दिवशी सगळ्यात शहाणा होता, त्याने निदान हाताला काम शोधलं. दोन स्लाइडच्या मध्ये संगीत खुर्ची घातलीत तर मुलं संगीत खुर्ची मजेत खेळतील आणि स्लाइड आली की पुन्हा नाडीकडे वळतील. प्रश्न असा आहे की तुमच्या संघनायकांना सोमवारपासून करायला काय आहे? बहुतेक पथकांत ते काम एवढंच असतं: रांगेत पहिलं उभं राहायचं आणि संघाची संख्या मोजून ओरडून सांगायची. ज्याला पुढच्या महिन्याभरात एकही निर्णय घ्यायचा नाही, त्याला निर्णयक्षमता शिकवायला बसवलं की तो जांभई देणारच.

हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी २२ वर्षं स्काऊट पथक चालवलं आणि पहिली तीन वर्षं अगदी हेच केलं. तेव्हा प्रोजेक्टर नव्हता. मी कार्डशीटवर स्केचपेनने गुण लिहिले होते, रंगीत चौकटीसकट. शेवटी मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, काय आवडलं. आठपैकी सहा चिठ्ठ्यांवर 'भजी' होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. शाळेजवळ मोकळी जागा आहे का, चूल पेटवायला मुख्याध्यापक परवानगी देतील का, तुमच्याबरोबर आणखी एखादा शिक्षक थांबेल का. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमचे संघ वर्षभर तेच राहतात की दर तासाला नव्याने सहा-सहा मोजले जातात? दर वेळी बदलत असतील तर नेतृत्व वर्ग तूर्त विसरा आणि आधी संघ कायम करा. संघाचं नाव, झेंडा, आरोळी, बसायचं ठरलेलं झाड. आपल्याकडे स्काऊट विभाग साधारण दहा ते सतरा वयाचा. अकरा वर्षांच्या मुलाला 'आमचं झाड' हे 'संघभावना' या शब्दापेक्षा लवकर कळतं.

दुसरी गोष्ट, संघनायक कोणी निवडला? वर्गात पहिला येणारा किंवा रांगेत सगळ्यात उंच दिसणारा, अशी निवड असेल तर ती तुमची झाली, संघाची नव्हे. मी संघाला दोन नावं सुचवायला सांगायचो आणि त्या दोघांशी बोलून ठरवायचो. एकदा ठरला की सहा महिने तोच. 'प्रत्येकाला संधी' म्हणून दर आठवड्याला संघनायक बदलणारी पथकं मी पाहिली आहेत. ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यात कुणालाही आपली चूक निस्तरायला पुढच्या शनिवारचा पथकाचा तास मिळत नाही. संधी इतरांनाही द्यायची तर कामं वाटा: एकाकडे सामान, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे नोंदवही, एकाकडे शेकोटीचा कार्यक्रम.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी अडचण. आपल्या मुलांनी रोज जवळून पाहिलेला नेता एकच असतो, तो म्हणजे वर्गाचा मॉनिटर. बाई बाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा. खिशावर पट्ट्या लावून गळ्यात शिट्टी अडकवलीत की संघनायक आपोआप तोच होतो. तुम्ही त्याला कितीही 'सेवाभावी नेतृत्व' सांगा, त्याच्या डोळ्यांसमोर फळा आणि खडू असतो. (संघनायकाला इंग्रजीत 'पॅट्रोल लीडर' म्हणतात, त्यामुळे घरी तर आणखी गोंधळ. एका वडिलांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "सर, पोरगा म्हणतो मी पेट्रोल लीडर आहे. शाळेत पेट्रोल कशाला लागतं?") म्हणून मी एक नियम केला होता: संघनायकाने माझ्याकडे कुणाचीही तक्रार आणायची नाही, पहिले दोन महिने तरी. संघातलं भांडण संघातच मिटवायचं. मारामारी, दुखापत, रडणं हे अपवाद. पहिल्या आठवड्यात सगळे गोंधळले, चौथ्यापर्यंत फळा थोडा पुसला गेला होता.

संघाची जबाबदारी संघनायकावर सोपवायची, ही काही माझी कल्पना नव्हे. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबीर घेतलं तेव्हा वीसेक मुलं होती, बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली, एकत्र. त्यांचे चार संघ केले: लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. प्रत्येकाचा नायक एक मोठा मुलगा, आणि संघाच्या वागण्याची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर. पाळीपाळीने एकेक संघ रात्री शिधा, भांडं आणि काडेपेटी घेऊन नेमून दिलेल्या जागी जायचा, स्वतः शिजवायचा, पहारा ठेवायचा. शिबिराच्या यशाचं गुपित या संघरचनेत आहे असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. व्याख्यानांना तिथं फार जागा नव्हती. रात्री शेकोटीपाशी थोडं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच करून पाहायचं, बऱ्याचदा खेळातून.

तर मी काय करायचो ते सांगतो. पाच तासांचा रविवार मी मोडीत काढला. त्याऐवजी दर बुधवारी शाळा सुटल्यावर ४० मिनिटं आठही जण माझ्याकडे. त्या ४० मिनिटांत ते आठ जण म्हणजे एक संघ आणि त्यांचा संघनायक मी. शनिवारी त्यांना आपापल्या संघाकडून जे करून घ्यायचं, ते बुधवारी मी त्यांच्याकडून करून घ्यायचो. शनिवार जवळ असला की कान आपोआप उघडे राहतात. बुधवारी बोलाइनची गाठ नीट पाहिली नाही तर शनिवारी पाच पोरांसमोर आपली फजिती आहे, हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

मी त्यांचा संघनायक असल्यामुळे आणखी एक व्हायचं. मी मुद्दाम कधी वाईट संघनायक व्हायचो. एकालाच सगळी कामं सांगायची, एकाकडे बघायचंही नाही, दोरी हातातून ओढून घ्यायची. दहा मिनिटांनी थांबून विचारायचं, काय खटकलं? मुलं तुटून पडायची. "सर, तुम्ही मला एकदाही नावाने हाक मारली नाही." हे त्या मुलाने सांगितलं, जो स्वतः आपल्या संघात सगळ्यांना 'ए' म्हणायचा. मी काही बोललो नाही.

गाठ शिकवायलाही शिकवावं लागतं, आणि हे बहुतेक जण सोडून देतात. आठवीतला मुलगा सहावीतल्याला क्लोव्ह हिच दाखवतो ती समोर उभं राहून. समोरच्याला सगळं उलटं दिसतं. मग 'तुला कळत नाही' सुरू होतं. शेजारी बसायचं, दोघांची तोंडं एकाच दिशेला, दोन दोऱ्या. रीफ नॉटसाठी दोन रंगांच्या दोऱ्या घेतल्या की उजवी डावीवर, डावी उजवीवर हे तोंडाने सांगायची गरजच फारशी राहत नाही. अमेरिकेतली स्काऊट संघटना शिकवण्याचे चार टप्पे सांगते: समजावणं, करून दाखवणं, करताना सोबत राहणं, मग सोडून देणं. आपली मुलं पहिल्या दोनांवर थांबतात, आणि खरं सांगायचं तर आपण शिक्षकही.

आता खेळ. मी 'निरोप' म्हणायचो तो खेळ आधी घ्या, कारण त्याला काहीच सामान लागत नाही. तीन लहान आणि एक लांब शिट्टी, म्हणजे संघनायकांनी धावत यायचं. त्यांना एकदाच, तोंडी सूचना द्यायची: "पिंपळापासून मावळतीकडे २० पावलं. तिथं तीन काठ्यांची तिवई. तिच्यावर संघाचा झेंडा. सगळ्यात लहान मुलगा झेंड्याजवळ, बाकीचे त्याच्याकडे पाठ करून. वेळ सात मिनिटं. प्रश्न विचारायचा असेल तर आत्ता." पहिल्या वेळी कुणी प्रश्न विचारत नाही, सगळे धूम ठोकतात. सात मिनिटांनी एक तिवई उगवतीला, एका संघात सगळ्यांची तोंडं झेंड्याकडे, एका ठिकाणी सगळ्यात लहान कोण यावर वाद चाललेला. हसून झालं की तसाच दुसरा निरोप द्यायचा. आता प्रश्न येतात: "सर, पावलं कुणाची?" त्या प्रश्नासाठी हा खेळ आहे. पण तो यायला हवा तर तुम्ही आधी सांगायचं नाही. तिसऱ्या वेळेला मी निरोपात एक गोष्ट मुद्दाम अशक्य घालायचो, म्हणजे दिलेल्या वेळात होणार नाही असं काहीतरी, आणि कोण परत येऊन "सर, हे जमणार नाही" म्हणतो ते पाहायचो. आपल्या शाळांत हे वाक्य म्हणायला फार धैर्य लागतं.

आणि मग खिचडी. एका संघाला एक किलोच्या आसपास तांदूळ-डाळ, कांदे-बटाटे, तेल-मीठ-हळद, एक पातेलं, तीन दगड, गोळा केलेली लाकडं आणि दोन काड्या. काडेपेटी नाही, दोनच काड्या. नियम एक: संघनायकाचे हात खिशात. तो बोलू शकतो, फिरू शकतो, वाकून बघू शकतो, पण पळीला, लाकडाला किंवा पातेल्याला हात लावायचा नाही. उपसंघनायक सगळं करू शकतो.

पहिली १५ मिनिटं संघनायकाची तडफड बघण्यासारखी असते. हुशार मुलाला सगळं स्वतः करायची सवय असते आणि आता त्याचे हात बांधलेले. कुणी ओरडतो, कुणी रुसतो, कुणी हळूच गुडघ्याने लाकूड सरकवतो. साधारण दुसरी काडी विझायच्या बेतात आली की त्याला सुचतं, कुणाला तरी विचारावं. दीड तास धरा. तुम्ही काय करायचं? काही नाही, आणि तेच अवघड. खिचडी लागतेय असा वास तुम्हाला त्यांच्याआधी येतो. मी तेव्हा मुद्दाम वहीत काहीतरी लिहायला घ्यायचो. कच्ची-करपलेली जी होईल ती खायची. शिक्षकांच्या डब्यातून भाकरी वाटायची नाही. घरचा डबा मात्र मी प्रत्येकाला पिशवीत ठेवायला सांगायचो. पोर उपाशी राहायला नको, आणि आयांचे फोनही नकोत.

जेवणानंतर संघाने गोल बसायचं, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मी तीनच प्रश्न विचारायचो. कुणाला काहीच काम नव्हतं? कुणाला काहीतरी माहीत होतं पण विचारलं गेलं नाही? पुढच्या वेळी कोणती एकच गोष्ट वेगळी करणार? तिसऱ्याचं उत्तर नोंदवहीत जायचं आणि पुढच्या खिचडीआधी वाचलं जायचं. नेत्याचे गुण बिण हवे असतील तर ते इथेच मिळतात, मुलांच्या शब्दांत.

एका वर्षीचा प्रसंग मात्र या तीन प्रश्नांत बसला नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेला सातवीतला एक मुलगा तीन आठवड्यांपूर्वी एका संघात आला होता. त्या संघाची चूल पेटता पेटेना. दोन्ही काड्या गेल्या, शेवटी शेजारच्या संघाकडून निखारा आणला. गोलात बसल्यावर कळलं की हा मुलगा कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, रोज पहाटे चूल पेटवतो, आई-वडील फडात गेले की भात घालतो. संघनायकाला वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्याने सगळ्यांसमोर मोठ्या सन्मानाने चूल त्याच्याकडे दिली. मी मनातून खूश झालो, झालं, शिकला. तर तो मुलगा म्हणाला, "मला नको. घरी रोज तेच करतो. मला ते होकायंत्र द्या." संघनायक माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. शेवटी त्यानेच तोडगा काढला: त्या मुलाने उभं राहून एकदा सांगायचं लाकडं कशी रचायची, पेटवायचं दुसऱ्याने, आणि पुढच्या हाईकला होकायंत्र याच्याकडे. ज्याला जे येतं ते त्याच्याकडून करून घ्यायचं, असं मी इतकी वर्षं शिकवत होतो. त्या दिवसापासून पहिल्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न आला: आज कुणाला काय करून बघायचं होतं?

मानसभेबद्दल थोडंच लिहितो. संघनायकांची ही सभा कागदावर बहुतेक पथकांत असते, इतिवृत्तही शिक्षकांच्या सुंदर अक्षरात असतं. सभा खरी करायची तर तिच्या हातात पैसे द्या. 'खरी कमाई'च्या दिवशी मुलं भेळ-सरबत विकून जे तीनचारशे रुपये आणतात, ते कशावर खर्चायचे हे मानसभेने ठरवू दे. आमच्या सभेने एकदा तंबूच्या दोऱ्यांऐवजी फुटबॉल घेतला. मी एक मत दिलं, हरलो आणि गप्प बसलो. शिबिरात दोऱ्या कमी पडल्या तेव्हा विहिरीचा जुना दोर मागून आणला. धडा वगैरे कुणी शिकलं नाही, फुटबॉल मात्र दोन वर्षं टिकला.

काही गोष्टी मी कधीच मुलांवर सोडल्या नाहीत, तुम्हीही सोडू नका. विहीर, बंधारा, नदी, कुठलंही पाणी. रस्ता ओलांडणं. उंचावर चढणं. विस्तव असेल तिथे प्रत्येक चुलीजवळ पाण्याची बादली आणि एक मोठं माणूस, आणि गळ्यातला स्कार्फ काढून ठेवलेला. हे शेवटचं मी अनुभवाने शिकलो. एकाच्या स्कार्फच्या टोकाला ठिणगी लागली, दोन बोटं कापड जळालं, मुलाला काही झालं नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगा: इतक्या गोष्टी माझ्या, बाकी तुमच्या. मग तुम्ही मध्ये पडलात तरी त्यांना अपमान वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, वरून एक दिवसाचाच वर्ग घ्यायचा आदेश आहे, फोटो आणि अहवाल द्यायचाय. ठीक. मग सकाळी पाऊण तास 'निरोप', तीन फेऱ्या. नंतर अर्धा तास शेजारी बसून गाठ शिकवणं, त्यासाठी पाचवीतली काही मुलं बोलावून घ्या, म्हणजे शिकवायला खरं कुणीतरी असेल. आठ जणांचे दोन संघ करून खिचडी, गोलातली चर्चा धरून दोन तास. जेवणानंतर मानसभा, आणि तिच्यासमोर एकच खरा विषय: पुढच्या महिन्याची हाईक कुठे आणि काय न्यायचं. त्यांनी ठरवलेलं ठिकाण सुरक्षित असेल तर तुम्हाला आवडो न आवडो, तिथेच जा. पाहुण्यांचं भाषण असेलच तर ते खिचडी शिजत असताना ठेवा. आणि त्यांनाही वाढा. दहा गुणांच्या स्लाइड अहवालाला जोडायला कामी येतील, त्या फेकू नका.

प्रमाणपत्राचंही विचारलंत. द्या, मुलांना आवडतं. पण वर्गाच्या दिवशी देऊ नका, तीन महिन्यांनी द्या, आणि कुणाला द्यायचं ते त्यांच्या संघांना विचारून.

हे सगळं दिवाळीनंतर, लाकडं वाळलेली असताना करा. पावसाळ्यातच करायचं असेल तर दोनऐवजी पाच काड्या द्या आणि थोडा सुका भुसा स्वतःजवळ लपवून ठेवा.